दम कोणी मोजायचा?

७ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुष कबड्डीची फायनल. भारत विरुद्ध इराण, गुणफलक २८-२८, घड्याळात जेमतेम एक मिनिट उरलेलं. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला. ही तिसरी, म्हणजे 'करो या मरो' चढाई. आधीच्या दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद.

पवन इराणच्या अंगणात शिरला. बचावपटूला शिवायच्या नादात तो मैदानाच्या कडेला असलेल्या लॉबीत गेला. हात कोणालाच लागला नव्हता. त्याला धरायला इराणचे बचावपटूही त्याच्या मागोमाग लॉबीत उतरले.

पुढे जवळपास तासभर कबड्डी झालीच नाही. पंचांनी निर्णय दिला, बदलला, पुन्हा बदलला. प्रशिक्षक पंचांच्या टेबलाशी. दोन्ही बाजूंचे खेळाडू मॅटवर ठाण मांडून बसलेले. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने गेला, सामना पुन्हा सुरू झाला आणि भारताने तो ३३-२९ असा जिंकला. सुवर्णपदक आलं, आपण स्टेटस टाकले, विषय संपला.

माझ्या डोक्यात मात्र तो संपला नाही. कारण त्या तासाभरात एक विचित्र गोष्ट घडत होती. काय झालं याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. पवन लॉबीत गेला हे भारताला मान्य होतं. आपले बचावपटू लॉबीत उतरले हे इराणला मान्य होतं. स्पर्श झाला नाही, हेही सगळ्यांना दिसत होतं. कॅमेऱ्याने त्याचं काम चोख केलं होतं. वाद होता तो यावर, की जे घडलं त्याला नियमात काय म्हणायचं.

पंचांच्या निर्णयावरचे वाद आपण सगळे एकाच टोपलीत टाकतो. 'अंपायर आंधळा आहे' म्हणून मोकळे होतो. पण त्यात दोन वेगळे प्रकार आहेत. एक डोळ्याचा वाद: खरंच काय घडलं? दुसरा शब्दाचा वाद: जे घडलं त्याचा अर्थ काय? पहिला वाद कॅमेऱ्याने सुटू शकतो. दुसरा शंभर कॅमेरे लावले तरी सुटत नाही. खेळांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास बघितला, तर आपण पहिल्या प्रकारावर भरपूर पैसा आणि अक्कल खर्च केली आहे. दुसऱ्याकडे बघायला आपल्याला वेळ झालेला नाही.

फुफ्फुस हेच घड्याळ

कबड्डीपासूनच सुरुवात करू, कारण हा वाद तिच्या जन्मापासून तिच्या पोटात आहे.

महाराष्ट्रात हा खेळ हुतूतू, बंगालकडे हाडुडू, दक्षिणेत चेडुगुडू. नावं वेगळी, पण गाभा एक. चढाई करणाऱ्याने एका दमात एकच शब्द म्हणत राहायचं, दम संपायच्या आत परत यायचं. यामागे एक साधी सोय आहे. गावच्या अंगणात घड्याळ कोणाकडे होतं? मग चढाई किती वेळ चालणार हे ठरवायचं कशाने? माणसाच्या फुफ्फुसाने. खेळाडूचा श्वास हेच टायमर. शब्द मोठ्याने म्हणायचा तो एवढ्याचसाठी, की टायमर चालू आहे हे सगळ्यांना ऐकू यावं.

१९२०च्या दशकाच्या आसपास पुणे, सातारा, बडोदा इथल्या व्यायामप्रेमी संस्थांनी या खेळाला लिखित नियमांत बसवायला सुरुवात केली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यावर काम केलं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९८२ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून आली आणि १९९०ला बीजिंगमध्ये पदकाचा खेळ झाली. या प्रवासात बुवा साळवींसारख्या संघटकांनी आयुष्य घातलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

त्या काळात नियम एकच होता असंही नाही. संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जायचे. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन परत येतो. गामिनीत बाद म्हणजे बाद, सगळा संघ संपेपर्यंत बाहेर. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही, फक्त गुण मोजला जातो. म्हणजे 'बाद' या एका शब्दाचे तीन अर्थ! वेगवेगळ्या गावचे दोन संघ समोरासमोर आले, तर आधी आपण कोणती कबड्डी खेळतोय ते ठरवायला लागणार. आज आपण जी खेळतो तिचा पाया संजीवनीचा आहे.

नियम कागदावर आले, पण कागदावर आल्याने एक अडचण उघडी पडली. दम तुटला हे ठरवणार कोण? पंच. कशाने? कानाने. सरपंच, दोन पंच, रेषापंच, गुणलेखक अशी सगळी फौज असली तरी खेळाचा सगळ्यात मूळ नियम कोणाच्या तरी कानावर टेकलेला. चढाईपटूने मध्येच नाकाने हळूच श्वास चोरला, तर? शब्द ओठांत पुटपुटला, तर? आणि मैदानाभोवती दोनेक हजार माणसं ओरडत असतील, तर? मैदानात त्या क्षणी एकाच माणसाचं ऐकणं महत्त्वाचं, आणि नेमकं त्यालाच धड ऐकू येत नाही.

कबड्डीतल्या धोकादायक खेळाचे नियमही या दमाशीच जोडलेले आहेत. चढाईपटूचं तोंड दाबायचं नाही. गळा आवळायचा नाही. पायांची कात्री घालून पकडायचं नाही. दुखापत होईल अशी हिंसक पकड करायची नाही. यातल्या पहिल्या दोन नियमांकडे नीट बघा. ते माणसाचा जीव वाचवतात आणि त्याच वेळी खेळाचं घड्याळही वाचवतात. तोंड दाबून दम तोडणं म्हणजे समोरच्याचं टायमर हाताने बंद करणं. पण 'तोंड दाबलं' आणि 'पकडताना हात तोंडावर गेला' यात फरक कसा करायचा? हात तोंडावर होता हे दिसतं. तो का होता, हे दिसत नाही. डोळ्याचा वाद शब्दाच्या वादात शिरतो तो इथे.

गिरणगावातून उपनगरात

मुंबईत कबड्डी वाढली ती लालबाग, परळ, प्रभादेवीच्या गिरणगावात. पाळी संपवून आलेले कामगार, चाळींमधली मंडळं, मातीचं मैदान. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि बरीच कुटुंबं भांडुप, मुलुंड, कांदिवली, बोरिवलीकडे आणि त्याहून पुढे सरकली. खेळही त्यांच्याबरोबर सरकला. १९९०ला मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला, आणि राज्य अजिंक्यपद निवड चाचणीत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर वेगवेगळे उतरायला लागले. एकाच लोकलने प्रवास करणारी पोरं तिथे एकमेकांची पकड करतात.

बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं हौसेचं वाटू शकतं. हिवाळ्यात मैदानावर हॅलोजन लावून चालणारे सामने, माईकवरून ओरडणारा समालोचक, नगरसेवकाच्या फोटोचा बॅनर. पण खेळणाऱ्यासाठी तिथल्या एकेका गुणाला नोकरीचा वास असतो. पोलीस, रेल्वे, बँका, मोठ्या कंपन्या यांचे कबड्डी संघ आहेत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी तुम्ही कोणत्या स्तरावर खेळलात, कितवे आलात याचं प्रमाणपत्र लागतं. जिल्हा संघात निवड झाली, राज्यात खेळलात, मग राष्ट्रीय, अशी ती शिडी. या शिडीची एखादी पायरी उपांत्य सामन्यातल्या एका चढाईवर, आणि ती चढाई एका पंचाच्या कानावर अवलंबून असू शकते. 'खेळ आहे, हार-जीत चालायचीच' हे वाक्य ज्याच्याकडे दुसरी नोकरी आहे त्याला सुचतं. इंजिनिअरिंगची डिग्री असलेल्या माझ्यासारख्याला ते म्हणणं फारच सोपं आहे.

म्हणून २६ जुलै २०१४ची तारीख महत्त्वाची. वरळीच्या एनएससीआयच्या बंदिस्त स्टेडियममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. माती गेली, मॅट आली. चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ आलं. कॅमेरे आले, टीव्हीवरचा पंच आला, संघाला रिव्ह्यू मागता यायला लागला. 'कबड्डी कबड्डी' म्हणणं नियमात राहिलं, पण वेळ मोजायचं त्याचं काम संपलं. फुफ्फुसाची जागा डिजिटल आकड्यांनी घेतली.

यात काहीतरी गमावलं हे खरं. ज्याचा दम मोठा त्याला मैदानात जास्त वेळ, हे जुन्या कबड्डीतलं कौशल्य होतं. ३० सेकंदांनी सगळ्यांना एकाच मापात बसवलं. पण मिळालं ते मोठं होतं. पंचाच्या कानावरचा भार उतरला. 'दम तुटला की नाही' या कायमच्या भांडणाची जागा एका आकड्याने घेतली, आणि आकड्याशी भांडता येत नाही. डोळ्याचा (आणि कानाचा) वाद सोडवायचा हा खरा मार्ग. मोजायची गोष्टच बदलून टाका, सगळ्यांना सारखीच दिसेल अशी करा.

परत बोलावलेला बॅट्समन आणि लाथ खाल्लेला पंच

डोळ्याचा वाद न सुटल्यावर काय होतं, याची दोन टोकं महाराष्ट्रातच सापडतात.

पहिलं टोक वानखेडेवरचं. फेब्रुवारी १९८०, भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंड समोर. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. यष्टिरक्षक बॉब टेलर आणि इयन बोथम किल्ला लढवत होते. कपिल देवच्या चेंडूवर टेलरला यष्टींमागे झेल गेल्याबद्दल बाद दिलं गेलं. टेलरच्या चेहऱ्यावर नाराजी होती. भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याला खात्री वाटली, की बॅटला चेंडू लागलेला नाही. त्याने अपील मागे घेतलं आणि टेलरला परत बोलावलं. टेलर-बोथम जोडीने १७१ धावा जोडल्या. बोथमने शतक ठोकलं, सामन्यात १३ बळी घेतले आणि इंग्लंड १० गडी राखून जिंकलं.

या गोष्टीचं आपण नेहमी खिलाडूवृत्तीचं उदाहरण म्हणून कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण एक यंत्रणा म्हणून बघा. पंचाची चूक दुरुस्त व्हायचा एकमेव मार्ग काय होता? चुकीचा फायदा ज्याला झाला, त्याच्याच मनाचा मोठेपणा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातात काहीच नव्हतं. विश्वनाथच्या जागी दुसरा कोणी असता तर टेलर बाद, विषय बंद.

दुसरं टोक २ फेब्रुवारी २०२५चं, अहिल्यानगरमधलं. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ विरुद्ध शिवराज राक्षे. पंचांनी राक्षेला चितपट ठरवलं. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. वाद वाढला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत मोहोळसमोर महेंद्र गायकवाड होता. शेवटची काही सेकंद उरली असताना त्यानेही पंचांच्या गुणदानावर चिडून मैदान सोडलं. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. कोणत्याही खेळात पंचाच्या अंगाला हात लागला की खेळ संपला. पण ही ठिणगी अचानक पडलेली नव्हती. जानेवारी २०२३ला पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड लढतीत बाहेरच्या टांगेला पंचांनी चार गुण दिले. ते दोनच हवे होते की चारच बरोबर, यावर महाराष्ट्रभर रान पेटलं होतं. तुमच्याही व्हॉट्सअपवर तो व्हिडिओ थांबवून-थांबवून पाठवला गेला असेल.

आता या दोन कुस्त्या शेजारी ठेवा. राक्षेची तक्रार डोळ्याची होती: खांदे टेकले का? सिकंदरच्या लढतीतला वाद बराचसा शब्दाचा होता. टांग लागली, मल्ल खाली गेला हे सगळ्यांनी बघितलं. प्रश्न होता तो असा, की तो ज्या स्थितीत गेला तिला धोक्याची स्थिती म्हणायचं का? म्हटलं तर चार, नाही म्हटलं तर दोन. पहिल्या वादाला स्लो-मोशन उपयोगी पडला असता. दुसऱ्यात स्लो-मोशनने उलट भांडण वाढवलं, कारण प्रत्येकाला त्याच फ्रेममध्ये आपापला शब्द दिसत होता.

आणि कुस्तीचं मोठं दुखणं त्याच वर्षी समोर आलं. नोव्हेंबर २०२३ला महाराष्ट्र केसरी चक्क दोन झाले. संघटनेत फूट पडली होती, म्हणून फुलगावला एक आणि धाराशिवला एक. फुलगावला सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. जिथे 'महाराष्ट्र केसरी' या शब्दाचेच दोन अर्थ झाले, तिथे 'धोक्याची स्थिती' या शब्दाचा एक अर्थ कसा राहावा?

हेल्मेटच्या माथ्याचा प्रश्न

शब्दाचा वाद हा फक्त आपल्याकडचा गोंधळ आहे असं वाटत असेल, तर अमेरिकेत बघा. तिथल्या कॉलेज फुटबॉलकडे पैसा, कॅमेरे, वकील, कशाचीच कमी नाही. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा हा खेळ. मेंदूला होणाऱ्या इजा वाढल्या, तसा २००८ मध्ये 'टार्गेटिंग'चा वेगळा गुन्हा आला. हेल्मेटच्या माथ्याने जोरात धडक देणं, किंवा स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्या-मानेवर धडक देणं, हा तो गुन्हा. २०१३ला शिक्षा कडक केली. संघाला १५ यार्डांचा दंड, शिवाय खेळाडू थेट सामन्याबाहेर. दुसऱ्या हाफमध्ये बाहेर काढला तर पुढच्या सामन्याचा पहिला हाफही गेला. एवढी कडक शिक्षा म्हणून व्हिडिओने तपासायची सोय ठेवली.

आणि पहिल्याच वर्षी एक गंमत झाली. व्हिडिओ बघून पंचांनी 'टार्गेटिंग नव्हतं' असं ठरवलं, तर खेळाडूला परत घ्यायचे, पण १५ यार्डांचा दंड तसाच ठेवायचे! म्हणजे गुन्हा झालाच नाही, तरी दंड भरा. लोक हसले, चिडले आणि २०१४ला तो नियम दुरुस्त झाला. कोड लिहिणाऱ्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. एक बदल केला, त्यावर अवलंबून असलेला दुसरा बदलायचा राहिला.

तरी वाद थांबले नाहीत. १ जानेवारी २०२५ला पीच बोलमध्ये टेक्सास आणि अ‍ॅरिझोना स्टेट २४-२४ वर अडकलेले. शेवटच्या दीड मिनिटात टेक्सासच्या बचावपटूने चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला जोरदार धडक दिली. हेल्मेटला हेल्मेट लागलेलं अख्ख्या देशाने स्लो-मोशनमध्ये बघितलं. पंचांनीही व्हिडिओ बघितला आणि टार्गेटिंग नाही असा निर्णय दिला. दुहेरी जादा वेळेत टेक्सास ३९-३१ ने जिंकलं. त्या धडकेवर अजून लोक भांडतात. पण भांडण कशावर आहे? धडक झाली का, यावर नाही. त्या धडकेला 'टार्गेटिंग' म्हणायचं का, यावर.

क्रिकेटने या बाबतीत एक शहाणपणाची गोष्ट केली आहे, आणि आपण तिला सगळ्यात जास्त शिव्या देतो. 'अंपायर्स कॉल'. चेंडू यष्टीला निसटता लागणार असं यंत्र सांगत असेल तर मैदानावरच्या पंचाचा मूळ निर्णय कायम. आपण टीव्हीसमोर ओरडतो, 'लागतोय ना, मग आउट दे ना!' पण नियम लिहिणाऱ्यांनी इथे प्रामाणिकपणे मान्य केलं आहे, की चेंडू पुढे कुठे गेला असता हा अंदाज आहे आणि अंदाजाला सीमा असते. ती सीमा कुठे आहे आणि सीमेवर असताना कोणाचं ऐकायचं, हे आधीच लिहून ठेवलं. निर्णय आवडो न आवडो, तो का आला हे सोफ्यावर बसलेल्या माणसालाही सांगता येतं. त्यावर तासभर खेळ थांबत नाही.

एका सर्व्हरवर दोन व्हर्जन

आता परत हांगझोऊला जाऊ.

कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. दोन्ही कडांना एकेक मीटरची पट्टी, ती लॉबी. झटापट होईपर्यंत, म्हणजे चढाईपटू आणि बचावपटूचा स्पर्श होईपर्यंत, लॉबी मैदानाबाहेर धरतात. स्पर्श झाला की ती मैदानात येते. मग स्पर्श न होता चढाईपटू लॉबीत गेला आणि त्याच्यामागे बचावपटूही गेले, तर? जुना नियम म्हणतो, झटापटीशिवाय जो-जो लॉबीत गेला तो-तो बाद. प्रो कबड्डीमुळे रुळलेला नवा नियम म्हणतो, चढाईपटू लॉबीत गेला त्याच क्षणी चढाई संपली, त्यामुळे मागून गेलेले बचावपटू बाद नाहीत. जुन्या नियमाने भारताला एकदम अनेक गुण आणि इराणला एक. नव्या नियमाने इराणलाच एक.

दोन्ही नियमांमागे तर्क आहे. जुना म्हणतो, रेषा सगळ्यांना सारखी. नवा म्हणतो, संपलेल्या चढाईत कोणाला बाद कसं करणार? कोणता बरोबर, यावर मी निकाल देणार नाही. खेळ दोन्हींवर चालू शकतो. चालू शकत नाही तो दोन्हींवर एकाच वेळी. सामन्यातल्या बऱ्याच खेळाडूंच्या हाडात प्रो कबड्डीचा नियम मुरलेला, इराणचे अनेक जण तीच लीग खेळून आलेले, आणि पंचांच्या टेबलावर दुसरं पुस्तक उघडता येण्यासारखं. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच सर्व्हरवर दोन व्हर्जन चालू होती आणि हे कळलं ते थेट प्रॉडक्शनमध्ये, फायनलच्या शेवटच्या मिनिटाला.

हे होण्यामागे इतिहास आहे. त्या वेळी भारतीय कबड्डी महासंघाचा कारभार न्यायालयाने नेमलेला प्रशासक बघत होता. लीग चालवणारे वेगळे, आंतरराष्ट्रीय महासंघ वेगळा, राज्य संघटनांची भांडणं वेगळी. टीव्हीसाठी खेळ वेगाने बदलत गेला, पण बदललेला नियम सगळीकडे एकाच दिवशी लागू करणारं कोणी नव्हतं. अख्खी लीग कॅमेऱ्यांवर उभी राहिली. नियमपुस्तकाची एकच आवृत्ती ठरवायला लागला असता तो थोडासा कागद आणि एक बैठक.

इराणच्या जागी स्वतःला ठेवून बघा. २०१८ला जकार्तामध्ये त्यांनी भारताला उपांत्य फेरीत हरवून सुवर्ण नेलं. त्याच स्पर्धेत त्यांच्या महिला संघाने अंतिम सामन्यात भारताला हरवलं, आणि त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. आपण शिकवलेला खेळ ते मनापासून शिकले. मग फायनलच्या शेवटच्या मिनिटाला त्यांना सांगितलं गेलं, की तुम्ही जो नियम धरून खेळलात तो आज लागू नाही. हेच आपल्याबरोबर तेहरानमध्ये झालं असतं, तर आपण पुढची दहा वर्षं ते विसरलो नसतो. आपल्या संघात तेव्हा अहिल्यानगरचा अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे हे आपले दोघे होते. त्यांच्या सुवर्णपदकाची किंमत मला कमी करायची नाही. ते चाळीस मिनिटं जीव तोडून खेळले. त्यांच्या पदकाला 'पण' चिकटला तो त्यांच्यामुळे नाही. ज्यांनी पुस्तक एक ठेवलं नाही, त्यांच्यामुळे तो चिकटला.

म्हणूनच मला वाटतं, पुढच्या वेळी पंचावर चिडण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय आपण लावून घ्यावी: हा वाद डोळ्याचा आहे की शब्दाचा? डोळ्याचा असेल तर कॅमेरा मागा, रिव्ह्यू मागा, आणि तो अधिकार फक्त टीव्हीवरच्या सामन्यांत नाही तर जिल्ह्याच्या निवड चाचणीतही मागा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मैदानाच्या दोन कोपऱ्यांत दोन फोन स्टँडवर लावायला स्पॉन्सर लागत नाही. शब्दाचा असेल तर पंचाच्या अंगावर जाऊन उपयोग नाही. तो बिचारा दुसऱ्या कोणीतरी अर्धवट लिहिलेलं वाक्य वाचतोय. तिथे संघटनेला विचारा: नियम कोणत्या तारखेचा? मराठीत छापला आहे का? खेळाडूंना सामन्याआधी दिला का?

हे फार मोठं मागणं नाही. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या कंपाउंडमध्ये क्रिकेट सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं काय चालतं, ते आठवा. वन टप्पा आउट आहे का? पार्क केलेल्या गाडीला लागला तर किती रन? जोशी काकांच्या बाल्कनीत गेला तर आउट की डिक्लेअर? यावर कडाक्याचं भांडण होतं, कोणीतरी बॅट घेऊन घरी जायची धमकी देतो, मग नियम ठरतो आणि पहिला बॉल त्यानंतरच पडतो. दहा वर्षांच्या पोरांना कळतं, की भांडायचं असेल तर आधी भांडून घ्यावं. हांगझोऊला नेमकं तेच भांडण फायनलचं एक मिनिट उरलं असताना झालं.